बदल न करता

आमच्या विभागात पहिल्या वर्षाला नाटकाचा इतिहास मी शिकवते. शेकोटीभोवती नाचणाऱ्या माणसापासून निघायचं आणि विजेच्या दिव्यांपर्यंत पोचायचं, तेही परीक्षेच्या आत. छोट्या पेटीत कपडे कोंबावेत तशी मी हजारो वर्षं कोंबते आणि चार-दोन शतकं बाहेर लोंबत राहतात, त्याला माझा इलाज नाही. पण पहिल्या तासाला एक वाक्य मात्र मुलांकडून लिहूनच घेते. कुठलाही प्रयोग दुसऱ्यांदा होत नाही. तेच नाटक, तेच नट, तोच पडदा, तरी आजचा प्रयोग कालचा नसतो. मुलं हे वाक्य मान डोलावत उतरवून घेतात आणि माझा तास संपला की शेजारच्या सभागृहात जाऊन बसतात. तिथे कित्येक वर्षं एकच प्रयोग जसाच्या तसा होत आलेला आहे.

तो करणारी बाई म्हणजे आमची नमुनाताई.

नाव मुलांनी ठेवलेलं. कागदोपत्री तिचं पद 'नमुना प्रयोग सादरकर्ती' असं लांबलचक आहे, त्यातला पहिला शब्द मुलांनी उचलला. माणसाला नमुना म्हटलं की काय समजायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं, पण ताईनं कधी राग मानला नाही. "खोटं थोडंच आहे," म्हणायची.

पहिल्या वर्षाला इतिहासाच्या जोडीला दुसरा विषय असतो, प्रयोगाचं विश्लेषण. सोप्या भाषेत, नाटक बघायचं कसं. त्यातला नियम एकच : आधी डोळ्यांना दिसलं ते लिहा, मनाला वाटलं ते मागाहून. बाई कुठून आली, हातात काय होतं, गप्प कुठे राहिली, उजेड कशावर पडला. मुलांना हे जिवावर येतं. 'तिच्या मनातली घालमेल' असं लिहून ती मोकळी होतात आणि घालमेल नेमकी कुठे दिसली विचारलं की छताकडे बघतात. आता या विषयाची परीक्षा घ्यायची तर सगळ्यांनी एकच गोष्ट पाहिलेली हवी. म्हणून विभाग ज्यांनी उभा केला त्या मोठ्या सरांनी दहा-बारा मिनिटांचा एक प्रवेश बसवला. पेपर तपासायला बाहेरच्या महाविद्यालयात जातात आणि तपासणाऱ्यानं प्रयोग पाहिलेला नसतो, म्हणून सोबत मोठ्या सरांनी लिहिलेलं नमुना उत्तर जातं. त्यात लिहिलंय तसंच रंगमंचावर घडलं पाहिजे. केस इकडचा तिकडे होऊन चालत नाही. प्रयोगानंतर ताईनं आणि विभागप्रमुखांनी 'बदल न करता सादर' असं लिहून सह्या करायच्या, तेव्हा पेपरांचा गठ्ठा बाहेर पडतो.

प्रवेश साधा आहे. खोलीत टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, भिंतीला ताटल्यांची फळी. बाई डावीकडून येते, हातातली पिशवी खाली ठेवते, टेबलावरचा दिवा लावते. दोन ताटल्या मांडते. एका खुर्चीत बसते आणि वाट बघते. बाहेर पावलं वाजतात, ती दाराकडे बघते, पावलं पुढे निघून जातात. मग ती उठते, समोरची रिकामी ताटली उचलते, ती स्वच्छच असते तरी पुसते, फळीवर ठेवते. "उशीर झाला असेल," एवढंच म्हणते आणि दिवा मालवते. स्वच्छ ताटली ती का पुसते, या प्रश्नाला सगळ्यात जास्त गुण.

हे सगळं करायला मोठ्या सरांनी ताईला निवडलं तेव्हा ती वर्गात पहिली आलेली होती. "एक वर्ष कर, मग तुला मोकळं रान," असं ते म्हणाले. पुढच्या वर्षी दुसरी कोणी सापडली नाही, त्याच्या पुढच्या वर्षी शोधलीच नाही. मग सरच गेले आणि प्रवेश म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होऊन बसला. वर त्यांनी आणखी एक नियम करून ठेवलेला : नमुना प्रयोग करणारीनं बाहेर कुठेही काम करायचं नाही. मुलांनी तिला दुसऱ्या भूमिकेत पाहिलं की इथे त्यांना ती नटी दिसेल, वाट बघणारी बाई दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं. तात्त्विकदृष्ट्या बरोबर असेल. पण ज्या बाईचं पोट अभिनयावर, तिला अभिनय करायला बंदी, ही गंमत मला कधी पचली नाही. तिची सासू शेजारणींना मोठ्या तोऱ्यात सांगायची, "आमची सून नाटकात आहे." शेजारणी विचारायच्या, "कुठल्या?" आणि सासूबाईंना एकदम कुकरची आठवण यायची.

नवरा रंगारी. सभागृहाच्या भिंती काळ्या करायला आला होता, शिडीवर बसून त्यानं हिची तालीम पाहिली. खाली उतरून, हात पुसत त्यानं विचारलं, "मग तो आला का शेवटी?" इतक्या वर्षांत हजारभर मुलांनी तो प्रवेश पाहिला असेल, त्यावर ढिगानं पानं लिहिली असतील, पण हा प्रश्न त्या एका माणसानं विचारला. ताईनं त्याच्याशी लग्न केलं यात मला काही नवल वाटत नाही. घरीही तिच्या हाताला तीच सवय होती. रात्रीची ताटं मांडली की ती अगदी तशीच बसायची, पाठ ताठ, हात मांडीवर. मग तो म्हणायचा, "अगं मी आलोय. ताटली उचलू नकोस."

दोन वर्षांपूर्वी तो शिडीवरून पडला. कंबर गेली. तेव्हापासून तो खाटेवर, खिडकीशी. डॉक्टर शस्त्रक्रिया करू म्हणत होते, पण ताई दरवर्षीच्या करारावर. कराराच्या माणसाच्या घरच्यांना विद्यापीठाच्या दवाखान्यात जागा नाही. कायम झालेल्यांच्या माणसांनाच ती सोय. तिला कायम करण्याची फाईल वर गेली होती आणि या वर्षीचा प्रयोग सुरळीत झाला की सही होणार, असं आमचे विभागप्रमुख सांगत होते. या गृहस्थांना मी परिपत्रक सर म्हणते. घरी बायकोलासुद्धा 'उपरोक्त भाजी' म्हणत असतील असा माणूस.

आणि त्याच सुमारास आमची एक जुनी विद्यार्थिनी ताईकडे आली. हिचं स्वतःचं नाटक मंडळ आहे, लहान पण खटपटी. ती नवीन नाटक बसवत होती आणि त्यात एक घरमालकीण होती, दोन अंकांत जिचं तोंड क्षणभर बंद नाही. तिला ती ताईच हवी होती. "ताई, तुमच्याइतकं गप्प बसता येणारं माणूस मी पाहिलं नाही," ती म्हणाली. "आता बोलून दाखवा."

ताईनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. संहिता मात्र ठेवून घेतली. सुट्टीच्या दुपारी माझ्या घरी यायची आणि मी भाडेकरू, ती घरमालकीण असं आम्ही वाचायचो. सुरुवातीला फार वाईट अवस्था होती. वाक्य भांडणाचं आणि हात मांडीवर. मी म्हटलं, "ताई, ही बाई भांडतेय, वाट बघत नाहीये." ती हसायची, परत सुरू करायची, पुन्हा हात मांडीवर. हळूहळू मात्र एखादं वाक्य सुटायला लागलं. एकदा तर तिनं मला भाड्यावरून असं झापलं की माझ्या शेजारणीनं दार वाजवून सगळं ठीक आहे ना विचारलं. त्या दिवशी ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "अजून येतं गं मला," म्हणाली.

पण दोन्ही कसं होणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पद सोडलं तर नवऱ्याची कंबर गेली, धरलं तर घरमालकीण गेली. मंडळवालीनं परीक्षेपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं.

परीक्षेच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे बाजूच्या दाराशी उभी होते. त्या दिवशी बाकांवरचे दिवे मंद चालू ठेवतात, म्हणजे मुलांना बघता बघता टिपता येतं. टिपता येतं म्हणजे काय, अर्धी मुलं दिवा लागायच्या आधीच लिहायला लागतात. वर्षानुवर्षं तोच प्रवेश आणि तेच प्रश्न, मग तयार उत्तरं वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गात झिरपणारच. एका जुन्या झेरॉक्समध्ये 'पिवळा दिवा'चं 'पिवळा दिवाण' झालेलं आहे. तेव्हापासून दरवर्षी दहा-पंधरा मुलांना रंगमंचावर पिवळा दिवाण दिसतो. बाकीची अर्धी मात्र बघतात. त्या वर्षी पुढच्या बाकावर एक चष्मेवाली मुलगी होती, ती तर अशी बघायची की पापणी लवायला विसरायची.

ताई आली, पिशवी ठेवली, दिवा लावला, दोन ताटल्या मांडल्या. पावलं आली आणि गेली. ती उठली, समोरची ताटली उचलली, पुसली. आणि फळीकडे गेलीच नाही. ताटली हातात धरून ती वळली आणि समोरच्या खुर्चीत बसली. ज्या माणसाची वाट बघायची, त्याच्या खुर्चीत. तिथून ती आपल्याच रिकाम्या जागेकडे बघत राहिली, कितीतरी वेळ. मग काही न बोलता तिनं दिवा मालवला.

मी नाटकाचा इतिहास शिकवते, नाटकं पुष्कळ पाहिली आहेत. अशी दोन-चार मिनिटं फार थोड्या वेळा वाट्याला आली. पुढच्या बाकांवर पेनं थांबली होती, चष्मेवालीनं तोंडावर हात धरला होता. मागच्या बाकांवर पेनं चालूच होती. तिकडे कागदावर बाईनं ताटली केव्हाच फळीवर ठेवून "उशीर झाला असेल" म्हटलेलं होतं.

मी धावत आत गेले. ताई भिंतीला टेकून उभी होती, ताटली अजून हातात.

"काय केलंस हे?"

"माहीत नाही गं. इतकी वर्षं त्याची वाट बघतेय. एकदा त्याच्या जागेवरून बघावंसं वाटलं, मी दिसते कशी." मग एकदम भानावर येऊन म्हणाली, "पोरांच्या पेपरचं काय होणार?"

तेच तर. कुणी मुद्दाम डोकं लढवलं असतं तरी याहून वाईट कोडं घालता आलं नसतं. ज्या पोरांनी डोळे उघडे ठेवून पाहिलं, त्यांनी खुर्चीत बसलेली बाई लिहिली होती आणि नमुना उत्तरात ती नव्हती. ती सगळी नापास होणार. ज्यांनी मान वर केली नाही, त्यांची बाई बरोबर फळीपाशी गेली होती. दिवाणासकट ती सगळी पास. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

संध्याकाळी परिपत्रक सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. गठ्ठा टेबलावर बांधून ठेवलेला, वर 'बदल न करता सादर'चा कागद. त्यांची सही आधीच झालेली.

"ताई, तुम्ही फक्त सही करा. फाईलवर उद्याच सही होते."

"पण बदल झालाय, सर."

"कोणी पाहिला?"

"अर्ध्या वर्गानं," मी म्हटलं. "आणि मी."

"मॅडम, तपासणाऱ्यानं पाहिलेला नाही. मुद्दा तो आहे." मग आवाज खाली आणून ते ताईला म्हणाले, "हे बघा, बदल झाला असं लिहिलंत तर ही परीक्षा रद्द. नियमाप्रमाणे तुमचा करारही रद्द. मला त्यात काही करता येणार नाही. घरचा विचार करा."

माणूस वाईट नव्हता, हे मला कबूल करायला हवं. त्याला खरंच तिची काळजी होती. त्यामुळेच तर माझा जास्त संताप झाला, कारण ओरडायला समोर कोणी दुष्ट माणूसच नव्हता.

बाहेर पायरीवर चष्मेवाली आमचीच वाट बघत बसली होती. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "मॅडम, सगळे म्हणतायत ती खुर्चीत बसलीच नाही. मी चुकीचं पाहिलं का?"

मी म्हटलं, "नाही. तू बरोबर पाहिलंस." ताई दोन पावलांवर उभी होती, तिनं ऐकलं.

तिच्याबरोबर मी घरी गेले. सासूबाईंनी चहा केला. रंगाऱ्यानं खाटेवर पडल्या पडल्या सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "छान. मी शिडीवरून पडलो, ही खुर्चीत पडली. आता आईला सांभाळा, ती तेवढी उभी आहे."

"थट्टा नको," ताई म्हणाली. "सही केली तर तुझी कंबर नीट होईल."

त्यानं मानेखालची उशी सरकवून खिडकीबाहेर नजर टाकली. मग म्हणाला, "तुला करायची तर कर. माझ्यासाठी मात्र करू नकोस. उद्या मी उठून चालायला लागलो की तू जन्मभर माझ्या कंबरेकडे बघशील आणि तुला ती पोरगी आठवेल. त्यापेक्षा पडून राहिलेला बरा. मला इथून रस्ता दिसतो, कंटाळा येत नाही."

"तुला दुखतं रात्री. मला कळत नाही का?"

"दुखतं. पण तुला बोलायला मिळेल ना त्या घरमालकिणीत? निदान मग इकडे माझ्याशी भांडायची सवय होईल. गप्प बायको फार त्रासाची असते."

ताई उठून आत गेली. बऱ्याच वेळानं आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. मला म्हणाली, "करार गेला तर नियमही गेला ना गं? मग मी कुठेही काम करू शकते."

"करू शकतेस."

"मंडळवाली थोडेफार पैसे देईल. वर शिकवण्या घेईन. दवाखान्याचं दुसरीकडे कुठे काही जमतं का बघू." ती हे स्वतःलाच सांगत होती. मी मान हलवत राहिले. तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली एक घाई होती, सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी मुलांच्या चेहऱ्यावर असते तशी.

दुसऱ्या दिवशी तिनं कागदावरची ओळ खोडली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं : प्रयोगात बदल झाला, तो मी केला, ज्यांनी तो पाहिला त्यांनी बरोबर पाहिलं. सही केली आणि थेट माझ्या खोलीत आली. "झालं," म्हणाली. तिथे उभ्या उभ्या तिनं घरमालकिणीचं पहिल्या अंकातलं सगळ्यात लांब भाषण म्हणून दाखवलं, अडखळत, पण शेवटपर्यंत. मी टाळ्या वाजवल्या. तो आमचा सगळ्यात चांगला दिवस होता.

मग समिती बसली. मला वाटलं होतं की खडाष्टक होईल, ताईवर ताशेरे येतील. तसं काही झालं नाही. समितीतली सगळी माणसं समंजस निघाली. त्यांनी परीक्षा रद्द केली आणि फेरपरीक्षा लावली. फेरपरीक्षा म्हटली की प्रयोग आला. प्रयोग तोच हवा, कारण मंजूर झालेलं नमुना उत्तर त्याचंच. आणि तो करणार कोण? कोणालाच येत नव्हता. नमुना उत्तरात काय घडतं एवढंच होतं, कसं करायचं ते मोठ्या सरांनी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, ते सगळं ताईच्या अंगात होतं. समितीतल्या एका वयस्कर बाईंनी तर तिच्या प्रामाणिकपणाची तोंड भरून स्तुती केली आणि म्हणाल्या की इतकं जोखमीचं पद करारावर ठेवणंच चूक होतं, अशी घटना पुन्हा घडू नये म्हणून ही जागा ताबडतोब कायम करावी. सगळ्यांनी होकार दिला. परिपत्रक सरांचे डोळे खरोखर भरून आले होते. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

बातमी मीच तिला सांगितली. ती टेबलाची कड धरून बसली.

"नाही म्हणता येईल?" तिनं विचारलं.

म्हणता आलं असतं. पण आता दवाखान्याचं दार उघडलेलं होतं आणि उघड्या दारासमोर नवऱ्याला पडून राहू द्यायचं, ही गोष्ट वेगळी झाली. आधी तिच्या हातातून ते आपोआप जाणार होतं. आता तिनं स्वतः लोटायला हवं होतं. या वेळी रंगारी तिला 'माझ्यासाठी करू नकोस' म्हणाला नाही. आदल्या रात्री तो वेदनेनं ओरडला होता, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतका. तो भिंतीकडे तोंड करून पडून होता आणि सासूबाई त्याचे पाय चेपत होत्या. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. ताईनं हो कळवलं. मंडळवालीला निरोप मी दिला. तिला वाईट वाटलं, तिनं दुसरी बाई घेतली. त्यात तिची काय चूक?

फेरपरीक्षेला मी दाराशी उभी राहिले. ताईच्या अंगावर तीच साडी, केस तसेच बांधलेले. बाकांवरचे मंद दिवे लागले, पेपर वाटले गेले, रंगमंचावर अंधार झाला. ती डावीकडून आली. पिशवी ठेवली, दिवा लावला.

सभागृहात एकही मान वर नव्हती.

मला आधी वाटलं, सुरुवातीचं काही टिपून घेत असतील. पण नाही. सगळा वर्ग लिहीत होता, भराभर, पाठ केलेलं विसरायच्या आत. पुढच्या बाकावर चष्मेवालीही लिहीत होती. तिच्या चष्म्यात टेबलावरचा दिवा दिसत होता, पण ती कागदावर वाकलेली होती. तिला मी दोष देत नाही. एकदा नीट पाहिल्याची शिक्षा म्हणून तिला दोनदा परीक्षेला बसावं लागलं होतं. पोर हुशार होती, एकदाच सांगून तिला समजलं.

ताईला ते कळलं. पावलं वाजली तेव्हा ती दाराकडे बघते, तशी बघताना तिची नजर बाकांवरून गेली आणि किंचित अडली. फक्त मला दिसलं असेल. मनात म्हटलं, आता कर. कोणी बघत नाही. त्या खुर्चीत बस, घरमालकीण हो, ताटली आपट, वाटेल ते बोल. तिकडे कागदावर सगळं बरोबरच लिहिलं जातंय, तू काहीही केलंस तरी कोणाचं नुकसान नाही. तुझ्या उभ्या आयुष्यात अशी दहा मिनिटं पुन्हा येणार नाहीत. मी दाराची कडी इतकी घट्ट धरली होती की तळहाताला वळ उठला.

ती उठली. ताटली उचलली, पुसली, क्षणभर हातात धरून उभी राहिली. मग फळीवर ठेवली. "उशीर झाला असेल," म्हणाली आणि दिवा मालवला. पेनांच्या आवाजात ते वाक्य मागच्या बाकांपर्यंत गेलंही नसेल.

मी आत गेले. ती ताटली पुसायच्या फडक्याची घडी घालत होती.

"बघितलंस ना?" ती म्हणाली. "कोणी बघतच नव्हतं."

"हो."

"आज मी काहीही केलं असतं तरी चाललं असतं."

"मग केलं का नाहीस, ताई?"

तिनं घडी मोडली, परत घातली. "केलं गं. म्हणजे करायला गेले. ताटली घेऊन उभी राहिले, म्हटलं आता जायचं. काय वाटेल ते करायचं. त्या घरमालकिणीचं एक वाक्य तरी आठव म्हटलं, एक." तिनं माझ्याकडे बघितलं. "दुसरं काही आलंच नाही मला."

मला रडू आलं, तिला नाही आलं. ती पिशवी भरायला लागली, रंगाऱ्याला दवाखान्यात दाखल करायचं होतं आणि गाडी बोलावलेली होती. बाहेर व्हरांड्यात मुलं पेपर देऊन जमली होती आणि उत्तरं ताडून बघत होती. सगळ्यांची जुळत होती.